रस्ता सोडलेला नील यंग

रॉक गायक-गीतकार नील यंगचे चार चाहते एकत्र बसले की बोलणं कुठूनही सुरू होवो, थोड्या वेळात ते एकाच प्रश्नापाशी येतं: त्याचा सगळ्यांत चांगला अल्बम कोणता? १९४५ साली टोरांटोत जन्मलेला, लहानपणी पोलिओतून वाचलेला, विनिपेगमधल्या पोरवयातल्या बँडमधून निघून १९६६ साली एका जुन्या शववाहिकेतून लॉस एंजेलिसला पोचलेला हा माणूस. त्याचे चाळीसहून अधिक स्टुडिओ अल्बम झाले आहेत. एवढ्या पसाऱ्यात उत्तरंही भरमसाट यायला हवीत, पण तसं होत नाही. पुन्हा पुन्हा तीच सहा-सात नावं येतात, आणि कोण कोणतं नाव घेतो त्यावरून तो माणूस गाण्याकडे काय मागायला जातो ते कळतं. म्हणून हा वाद मला फार जवळचा वाटतो. मी त्यात कुठल्या बाजूला आहे तेही आधीच सांगतो. माझं मत १९७४ सालच्या 'ऑन द बीच'ला.

पण बोलायला सुरुवात 'हार्वेस्ट'पासूनच करावी लागते. माझी यंगशी पहिली गाठ पडली ती याच अल्बममुळे. पुण्यात कॉलेजात असताना, मित्राने भरून दिलेल्या कॅसेटवर. माझ्या ओळखीतल्या बहुतेकांचं असंच झालं. १९७२च्या फेब्रुवारीत आलेला हा अल्बम त्या वर्षी अमेरिकेत सगळ्यांत जास्त खपला, आणि त्यातलं 'हार्ट ऑफ गोल्ड' हे यंगचं तिथे पहिल्या क्रमांकावर गेलेलं एकमेव गाणं. मुरलेले चाहते मात्र 'हार्वेस्ट'चं नाव घेणाऱ्या नवख्याकडे जरा वरूनच पाहतात. गोड आहे, गुळगुळीत आहे, सगळ्यांना आवडतो, असं म्हणून बाजूला सारतात.

हे मला मुळीच पटत नाही. 'हार्वेस्ट' पुन्हा नीट ऐका. १९७१च्या फेब्रुवारीत यंग नॅशव्हिलला गेला तो जॉनी कॅशच्या दूरदर्शन कार्यक्रमात गायला. त्याच कार्यक्रमासाठी लिंडा रॉन्स्टाट आणि जेम्स टेलर गावात होते. त्या दोघांना त्याने स्टुडिओत ओढलं आणि मागे गायला उभं केलं. 'ओल्ड मॅन'मध्ये तंतुवाद्याचा जो ठसका येतो, तो टेलरने वाजवलेल्या सहा तारांच्या बँजोचा. ते गाणं आहे यंगने नुकत्याच घेतलेल्या रँचवरच्या म्हाताऱ्या राखणदारावर. केनी बटरीसारखा कसलेला नॅशव्हिली ड्रमर इथे इतकं कमी वाजवतो की प्रत्येक ठोक्यापुढे रिकामी जागा राहते, आणि त्या जागेत बेन कीथची पेडल स्टील गिटार धुक्यासारखी पसरते. यंगची पाठ तेव्हा इतकी बिघडली होती की पट्टा बांधून बसावं लागे, जड इलेक्ट्रिक गिटार गळ्यात घेऊन उभं राहणं जमत नसे. अल्बमचा तो मवाळ सूर दुखऱ्या शरीरातून आलेला आहे. शिवाय त्यातच 'द नीडल अँड द डॅमेज डन' आहे, दोन मिनिटांचं, एकट्या गिटारवर श्रोत्यांसमोर गायलेलं, हेरॉइनने डोळ्यांदेखत संपत चाललेल्या एका मित्रावरचं. ज्याला हे गोड वाटतं त्याने ते ऐकलेलंच नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राला घेऊन केलेली दोन गाणी मला जड जातात, तेवढी कबूल.

तरीही 'हार्वेस्ट' माझा पहिल्या क्रमांकाचा अल्बम नाही. यंगने स्वतःच पुढे, १९७७च्या 'डेकेड' या तीन तबकड्यांच्या संग्रहात, आपल्या हस्ताक्षरात त्याबद्दल लिहून ठेवलं. 'हार्ट ऑफ गोल्ड'ने मला रस्त्याच्या मधोमध आणून सोडलं, तिथून जाण्याचा लवकरच कंटाळा आला, म्हणून मी कडेच्या चरात उतरलो. तिथला प्रवास खडबडीत होता, पण माणसं जास्त रंजक भेटली, अशा आशयाचं ते टिपण आहे. त्यावरूनच १९७३ ते १९७५ या काळात आलेल्या 'टाइम फेड्स अवे', 'ऑन द बीच' आणि 'टुनाइट्स द नाइट' या तीन अल्बमना चाहते 'डिच ट्रिलॉजी' म्हणू लागले. टिपण वाचून वाटतं, माणूस मजेत रस्ता सोडून उतरला असेल. प्रत्यक्षात त्याला ढकलणारी घटना भयंकर होती.

डॅनी व्हिटन हा क्रेझी हॉर्स या यंगच्या साथीच्या बँडचा गिटारवादक आणि गायक. वर सांगितलेलं हेरॉइनचं गाणं त्याच्यावरच आहे. 'हार्वेस्ट'नंतरच्या मोठ्या दौऱ्यासाठी १९७२च्या नोव्हेंबरात यंगने त्याला तालमीला बोलावलं. व्हिटनला गाणी लक्षात राहीनात, हात चालेनात. यंगने त्याला पन्नास डॉलर आणि विमानाचं तिकीट देऊन घरी पाठवलं. त्याच रात्री लॉस एंजेलिसमध्ये दारू आणि गोळ्यांच्या अतिसेवनाने तो गेला. एकोणतीस वर्षांचा होता. पुढच्या जूनमध्ये ब्रूस बेरी हा त्यांच्या वर्तुळातला रोडी, म्हणजे वाद्यं आणि सामान सांभाळणारा तरुण, हेरॉइनने गेला.

व्हिटन गेल्यानंतरच्या त्या दौऱ्यात हजारोंच्या संख्येने लोक 'हार्वेस्ट' ऐकायला येत होते, आणि यंग त्यांना कर्कश, नवी, कुणी न ऐकलेली गाणी ऐकवत होता. त्याच दौऱ्याचं मुद्रण म्हणजे 'टाइम फेड्स अवे'. स्वतः यंगला तो आवडत नाही, आणि कित्येक दशकं त्याने तो सीडीवर येऊ दिला नाही. त्या अनुपलब्धतेने त्याची कीर्ती जरा वाढवली असं मला वाटतं. 'डोन्ट बी डिनाइड' हे एक गाणं सोडलं तर मी त्याच्याकडे फारसा वळत नाही.

'टुनाइट्स द नाइट'ची गोष्ट मात्र निराळी. आमच्यातला एक जण गेली कित्येक वर्षं ठामपणे सांगत आला आहे की सर्वोत्तम अल्बम हाच, दुसरं उत्तर संभवतच नाही. तो जेव्हा हे बोलतो तेव्हा मी गप्प ऐकतो, कारण त्याची बाजू फार भक्कम आहे. १९७३च्या ऑगस्टमध्ये यंग, क्रेझी हॉर्सचे उरलेले दोघे बिली टॅलबट आणि राल्फ मोलिना, शिवाय निल्स लॉफग्रेन आणि बेन कीथ, असे पाच जण हॉलिवूडमधल्या तालमीच्या एका जागेत जमले. जागा भाड्याने वाद्यं देणाऱ्या कंपनीची, आणि ती चालवणारा होता मेलेल्या ब्रूस बेरीचाच भाऊ. भिंतीला भोक पाडून तारा बाहेरच्या मुद्रणाच्या गाडीपर्यंत नेल्या. मंडळी संध्याकाळी जमायची, टकीला प्यायची, मध्यरात्र उलटली की वाद्यं हातात घ्यायची आणि मेलेल्या दोन मित्रांसाठी वाजवायची. अल्बममधली पाच गाणी २६ ऑगस्टच्या एकाच रात्री झाली.

'मेलो माय माइंड'मध्ये वरच्या पट्टीला यंगचा आवाज अक्षरशः फाटतो. कुठल्याही शहाण्या निर्मात्याने ते पुन्हा गाऊन घेतलं असतं. इथे ते तसंच ठेवलं आहे. मधेच एक जुनं मुद्रण येतं, १९७०च्या एका कार्यक्रमातलं, आणि त्यात गातो आहे डॅनी व्हिटन, जिवंत, उत्साहाने फसफसलेला. त्याच्यासाठी शोक करणाऱ्या अल्बमच्या मध्यावर त्याचाच आवाज. हे ऐकताना दर वेळी माझ्या अंगावर काटा येतो. कंपनीला हा अल्बम काढायचा धीर होईना, तो पडून राहिला आणि १९७५च्या जूनमध्ये बाहेर आला. सोबतच्या कागदावर यंगने श्रोत्यांची माफी मागितली होती: तुम्ही या माणसांना ओळखत नाही, तुम्हाला याचा काही अर्थ लागणार नाही.

मला अर्थ लागला, आणि त्याचं श्रेय मी रॉकला देत नाही. माझे एक मामा शास्त्रीय संगीताचे वेडे. त्यांच्याकडे खासगी मैफलींची मुद्रणं होती, हातोहात फिरत आलेली, टेपवरून टेपवर उतरवलेली. त्यांत खोकले असायचे, कुणी उशिरा येऊन बसल्याची खसखस असायची, तबला मधेच पुन्हा लावला जायचा. बाजारात त्याच गवयाची स्वच्छ तबकडी मिळत असूनही मामा आणि त्यांचे मित्र भांडायचे ते या टेपांवरून. कुमारांचा कुठल्या मैफलीतला भीमपलास खरा, मल्लिकार्जुन मन्सूर कुठल्या रात्री सगळ्यांत रंगले. गवय्याला त्या क्षणी जे सापडलं ते टेपवर आहे का, एवढंच ते पाहायचे. यंगचा निर्माता डेव्हिड ब्रिग्ज नेमका याच मताचा होता. विचार करत बसलात की गाणं नासलं, हे त्याचं म्हणणं, आणि तालमीलासुद्धा टेप चालू ठेवायची हा त्याचा शिरस्ता. मामा ब्रिग्जला भेटते तर दोघांचं जमलं असतं.

हाच न्याय क्रेझी हॉर्सच्या चाहत्यांना लावावा लागतो. हा एक मोठा गट आहे, आणि वादात त्याचाच आवाज सगळ्यांत चढा असतो. त्यांची नावं ठरलेली: १९६९चा 'एव्हरीबडी नोज धिस इज नोव्हेअर', १९७५चा 'झूमा', १९७९चा 'रस्ट नेव्हर स्लीप्स', १९९०चा 'रॅग्ड ग्लोरी'. या बँडला नीट वाजवता येत नाही, असं मोठमोठ्या वादकांनी म्हटलेलं आहे. एका अर्थी ते खरंही आहे. टॅलबट आणि मोलिना यांची लय किंचित मागे रेलते, कधी गाण्याच्या ओघात सरकतेही. पण त्या जड, सावकाश चालीवर यंगची जुनी काळी लेस पॉल गिटार जे बोलते ते दुसऱ्या कुठल्या बँडबरोबर बोलत नाही. १९६९च्या अल्बममधल्या 'सिनॅमन गर्ल'चा सोलो आठवा, जवळजवळ सगळाच एका सुरावर. एकच सूर पुन्हा पुन्हा छेडत राहायचा, आणि प्रत्येक वेळी तो वेगळा लागतो! हे गाणं आणि त्याच अल्बममधली दोन लांबलचक गाणी यंगने अंगात सणसणून ताप असताना लिहिली. 'झूमा'तल्या 'कॉर्टेझ द किलर'मध्ये शब्द यायला तीन मिनिटांहून जास्त वेळ लागतो आणि मला त्या तीन मिनिटांतलं एक सेकंदही कमी नको आहे.

'रस्ट नेव्हर स्लीप्स' हा त्यातल्या त्यात सगळ्यांना मान्य होणारा तोडगा. एक बाजू जवळजवळ एकट्या यंगची, दुसरी हॉर्सची. बरीचशी गाणी १९७८च्या कार्यक्रमांत मुद्रित केलेली, नंतर श्रोत्यांचा आवाज काढून टाकलेला. वाद मिटवायचा असेल तेव्हा लोक हे नाव पुढे करतात. अल्बम थोर आहे, यात शंका नाही. पण वाद मिटवायला म्हणून निवडलेलं नाव मला आतून आपलं वाटत नाही.

ऐंशीच्या दशकाबद्दल फार बोलण्यासारखं नाही, एका अल्बमचा अपवाद करून. 'ट्रान्स' १९८२च्या अखेरीस आला तेव्हा यंगने व्होकोडर वापरून आपला आवाज यंत्राचा करून टाकला होता, आणि चाहते हबकले. पुढचा अल्बम पन्नाशीच्या दशकातल्या जुन्या रॉक अँड रोलचा निघाला, तेव्हा त्याच्याच कंपनीने, गेफनने, त्याच्यावर तेहतीस लाख डॉलरांचा दावा ठोकला. नील यंगसारखं न वाटणारं संगीत नील यंग देतो, ही तक्रार! पण 'ट्रान्स'मागचं कारण यंगने नंतर सांगितलं. त्याचा मुलगा बेन सेरेब्रल पाल्सीने बोलू शकत नाही, आणि त्याच्याशी संवाद साधायची धडपड त्या यंत्राच्या आवाजात आहे. बाप बोलतो आहे आणि शब्द कळत नाहीत, हाच त्या गाण्यांचा गाभा. हे समजल्यावर 'ट्रान्स'ची चेष्टा करणं मला जमत नाही. सर्वोत्तम म्हणणार नाही, पण यादीतून हाकलूही देणार नाही.

यंगच्या बाबतीत हा वाद कधी संपत नाही याला आणखी एक कारण आहे, आणि ते त्याने स्वतःच निर्माण केलं आहे. पूर्ण झालेले अल्बम तो बासनात बांधून ठेवतो. १९७५च्या सुमारास 'होमग्रोन' तयार होता. अभिनेत्री कॅरी स्नॉडग्रेसशी नातं तुटत असतानाची गाणी, 'हार्वेस्ट'च्याच नादाची. मित्रांना टेप ऐकवताना त्याच रिळावर मागे 'टुनाइट्स द नाइट' होता, तोही वाजला. 'द बँड' नावाच्या बँडचा रिक डँको म्हणाला की काढायचा असेल तर हा काढ. 'होमग्रोन' ठेवून दिला गेला तो थेट २०२०च्या जूनमध्ये बाहेर आला. १९७६च्या एका रात्री एकट्याने गायलेला 'हिचहायकर' २०१७ साली आला, 'क्रोम ड्रीम्स' २०२३ साली. म्हणजे सत्तरच्या दशकाचा हिशेब आपण लावून बसलो असताना त्या दशकातलाच एक नवा अल्बम समोर येतो आणि पुन्हा ऐकायला बसावं लागतं. 'होमग्रोन' वेळेवर आला असता तर तो माणूस पुन्हा रस्त्याच्या मधोमध आला असता, कदाचित 'हार्वेस्ट'इतका खपलाही असता. डँकोने योग्य सल्ला दिला, असं मला अजूनही वाटतं.

'ऑन द बीच' कधी बासनात गेला नव्हता, तरी तो बराच काळ हरवलेलाच होता. १९७४च्या जुलैत तबकडी निघाली, पण सीडी २००३पर्यंत आलीच नाही. त्यासाठी चाहत्यांनी केलेल्या विनंतीअर्जावर पाच हजारांहून अधिक सह्या झाल्या होत्या. मला तो त्यानंतरच नीट ऐकायला मिळाला. त्याआधी एका मित्राकडे खरखरणारी नक्कल होती, तिच्यात शेवटचं गाणं अर्ध्यावर तुटायचं.

मुखपृष्ठापासूनच तो वेगळा आहे. सांता मोनिकाचा किनारा, पिवळ्या कोटातला यंग पाठमोरा, समुद्राकडे तोंड करून उभा. वाळूत पुरलेल्या कॅडिलॅकचं मागचं शेपूट तेवढं वर आलेलं. खाली पडलेल्या वर्तमानपत्रात अमेरिकेचा अध्यक्ष निक्सनने राजीनामा द्यावा अशा मागणीचा मथळा. अल्बम आल्यावर महिन्याच्या आत निक्सन खरोखरच गेला. आतली बहुतेक गाणी १९७४च्या सुरुवातीच्या महिन्यांत झाली, बरीचशी हॉलिवूडच्या सनसेट साउंड या स्टुडिओत. मधात शिजवलेला गांजा खाऊन सगळे वाजवत होते, त्यामुळे लय जणू झोपेतून उठते आहे. पहिल्या बाजूला अजून थोडं भांडण शिल्लक आहे. 'रेव्होल्यूशन ब्लूज' हे चार्ल्स मॅन्सनच्या, म्हणजे आपल्या टोळीकडून खून पाडणाऱ्या पंथप्रमुखाच्या, तोंडून गायलेलं गाणं. यंग त्या माणसाला प्रत्यक्ष भेटलेला होता. त्यात ड्रम्स वाजवतो द बँडचा लेव्हन हेल्म, बेस डँको, आणि दुसरी गिटार डेव्हिड क्रॉस्बी. लॉस एंजेलिसच्या लॉरेल कॅन्यन या भागातल्या गायक-वादकांच्या ज्या पिढीचं शांतताप्रिय चित्र जगभर गेलं, तिच्यातलीच माणसं तिच्याच मागच्या दारात उभ्या असलेल्या खुन्याचं गाणं वाजवत आहेत.

मग तबकडी उलटायची. दुसऱ्या बाजूला तीनच गाणी, तिन्ही संथ. शीर्षकगीतात एक माणूस सांगतो की मला गर्दी हवी आहे, पण रोज तिच्यासमोर उभं राहायची ताकद माझ्यात नाही. दुसरं गाणं कॅरीसाठी, हॉटेलच्या खोलीत पुटपुटल्यासारखं. आणि शेवटी 'अँब्युलन्स ब्लूज', सुमारे नऊ मिनिटांचं. त्याची चाल बर्ट जान्शच्या एका गाण्यावरून आली हे यंगने नंतर मोकळेपणी मान्य केलं, आणि योगायोग असा की जान्शचं ते गाणंही हेरॉइनने गेलेल्या माणसाचंच. यंग त्या गाण्यात टोरांटोला जातो, जिथे तो विशीत गिटार घेऊन गात असे त्या रिव्हरबोट कॉफीहाउसपर्यंत. तिथून टीकाकारांकडे वळतो, मग न सांगता निक्सनकडे. धागा तुटतो आहे असं वाटतं आणि तुटत नाही. गिटारचे खर्जातले सूर एकाच जागी फिरत राहतात, हार्मोनिका मधेच येऊन जाते, आणि रस्टी कर्शॉचं फिडल सुराच्या जरा बाजूने, जरा उशिरा, स्वतःशी बोलल्यासारखं चालतं.

'टुनाइट्स द नाइट'वाल्या मित्राचं म्हणणं असं की मी 'ऑन द बीच' निवडतो कारण तो सोसवतो. दुःख त्यात पचलेलं आहे, आणि त्याच्या मते पचलेलं दुःख गाणं सोपं असतं. यावर आमचं अनेकदा बोलणं झालं आहे. मला ते उलट वाटतं. मेलेल्या मित्रांसाठी त्या रात्री ओरडायला आणखी चार माणसं सोबत होती, टकीला होती, आणि ओरडण्याला कारण समोर होतं. 'ऑन द बीच'मध्ये ती रात्र संपलेली आहे. लग्नासारखं एक नातं संपत आलं आहे, देश एका खोटारड्या अध्यक्षाकडे पाहतो आहे, आणि हा माणूस उठून सकाळी काय करायचं ते शोधतो आहे. तिथे आवाज फाटायची सोय नाही. तो इतक्या सपाट, इतक्या जवळून गातो की शब्दाच्या शेवटी उरलेला श्वास ऐकू येतो. मुद्रित वाद्यं-आवाजांच्या मिसळणीची सहज म्हणून केलेली कच्ची रूपंच त्याने कायम ठेवली, नंतर घासूनपुसून घ्यायला नकार दिला. म्हणजे ब्रिग्जचा नियम इथेही पाळलेला आहे, फक्त पकडलेला क्षण शांत आहे.

मित्र विचारतो, मग 'अँब्युलन्स ब्लूज' सोडलं तर काय उरतं? मी म्हणतो, 'फॉर द टर्नस्टाइल्स'. बँजो आणि डोब्रो ही एक प्रकारची गिटार, दोनच माणसं, यंग आणि बेन कीथ, दोघांचे आवाज वरच्या पट्टीला कसेबसे पोचतात आणि तिथेच थरथरत उभे राहतात. तेव्हा तो 'टुनाइट्स द नाइट'मधलं 'टायर्ड आइज' लावतो आणि मला ऐकावं लागतं. माझी यादी त्यामुळे बदललेली नाही: 'ऑन द बीच', मग 'टुनाइट्स द नाइट', मग 'झूमा', आणि चौथ्या जागेवर, मित्राने कितीही तोंड वाकडं केलं तरी, 'हार्वेस्ट'.